कुणाचे 63 मोठे?

मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या पुरुषांच्या गोल्फमधल्या चार 'मेजर' स्पर्धा. प्रत्येकीत चार फेऱ्या, एका फेरीत अठरा होल, आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजेता. चौथी फेरी बहुधा रविवारी होते आणि गोल्फचा इतिहास बराचसा त्या रविवारांचाच आहे. मेजरमधल्या सर्वोत्तम अखेरच्या फेऱ्यांची क्रमवार यादी करायचं काम एका पुरवणीने मृणालकडे दिलं. ती संख्याशास्त्र शिकलेली. मोजता येत नाही ते तिला पटत नाही. तिचे मामा लष्करातून निवृत्त झालेले, बदली होईल त्या छावणीच्या कोर्सवर गोल्फ खेळलेले. तिने कच्ची यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि वादाला तोंड फुटलं.

मामा : पहिला जॉनी मिलर? आणि जॅक निक्लॉस सहावा? छापायच्या आधी दाखवलंस हे बरं झालं.

मृणाल : आधी ऐकून तर घे. 1973 ची यूएस ओपन, पेनसिल्व्हेनियातलं ओकमाँट. अमेरिकेतल्या सर्वांत छळवादी कोर्समध्ये त्याची गणना होते. मिलरने शनिवारी 76 फटके घेतले आणि तो आघाडीपासून सहा फटके मागे पडला. रविवारी पहिल्या चारही होलला बर्डी, म्हणजे नेमून दिलेल्या पारपेक्षा प्रत्येकी एक फटका कमी. अठराच्या अठरा ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, चेंडू ठरलेल्या फटक्यांत पोचला. चूक एकच, आठव्या होलला तीन पट, म्हणजे ग्रीनवरचे तीन फटके. फेरी 63 ची. मेजरच्या कुठल्याही फेरीत तोवर कुणी 63 केले नव्हते. आणि स्पर्धा त्याने एका फटक्याने जिंकली. याच्या वर कुणाला बसवू?

मामा : त्याआधी पाऊस झाला होता, ते सांगायचं राहिलं तुझं. ओकमाँटची ग्रीन म्हणजे गुळगुळीत फरशी. चेंडू पडतो एकीकडे आणि थांबतो भलतीकडे. ओली झाल्यावर मात्र पडला तिथे थांबायला लागला.

मृणाल : पाऊस काय एकट्या मिलरसाठी पडला? आघाडीवर चौघे बरोबरीत होते. त्यांपैकी जॉन श्लीने 70 केले, आर्नोल्ड पामरने 72.

मामा : आणि लॅनी वॉडकिन्सने 65.

मृणाल : तू हेच काढणार, ठाऊक होतं. म्हणून तर नुसते 63 मोजायचे नसतात. त्या दिवशी बाकीच्यांना सरासरी किती फटके लागले ते बघायचं आणि फरक काढायचा. पाऊस, वारा, ग्रीनचा वेग, झेंडे कुठे रोवले होते, सगळ्याचा परिणाम सरासरीत आपसूक उतरतो. ही मोजणी केली की जुन्या फेऱ्यांनाही न्याय मिळतो. बेन होगनची 1951 ची फेरी घे. यूएस ओपन, ओकलंड हिल्स. रॉबर्ट ट्रेंट जोन्सने तो कोर्स स्पर्धेसाठी नव्याने आखून इतका अवघड केला की पार 70 असताना अख्ख्या स्पर्धेत सत्तरच्या आत फक्त दोन फेऱ्या झाल्या. क्लेटन हेफनरची 69 आणि होगनची शेवटची 67. आज टीव्हीवर 67 दिसले तर तू चॅनेल बदलशील. त्या दिवशी ते 67 अचाट होते.

मामा : होगनबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट तुझ्या सरासरीत न उतरलेली गोष्ट सांगतो. तेव्हा यूएस ओपनच्या शेवटच्या दोन फेऱ्या एकाच दिवशी व्हायच्या. सकाळी अठरा होल, जेवण, दुपारी पुन्हा अठरा. होगनचा 1949 मध्ये बसशी टक्कर होऊन भीषण अपघात झाला होता; पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. त्या पायांनी सकाळी 71 आणि दुपारी 67. पुढे 1964 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनलला केन व्हेंच्युरी उकाड्याने कोसळायच्या बेतात असताना जिंकला, आणि 1965 पासून स्पर्धा चार दिवसांची झाली. पाय किती दुखत होते याचा रकाना आहे तुझ्या तक्त्यात?

मृणाल : नाही. असूही नये. दुखणाऱ्या पायांना गुण द्यायला लागले तर यादीऐवजी चरित्रग्रंथ होईल.

मामा : बरं, पाय सोड. मला वेळेचं सांग. मिलर आघाडीच्या जोड्यांच्या तासभर आधी खेळत होता. त्याच्याकडे ना कॅमेरा, ना गर्दी. कोवळ्या ग्रीनवर तो सुटला. मागून येणाऱ्यांच्या वाट्याला तुडवलेली, सुकत आलेली ग्रीन. दोघांना एकच सरासरी लावलीस तर तुझा न्याय तिथेच लंगडा पडतो.

मृणाल : मुद्दा बरोबर आहे, पण त्याने सहा फटके भरून निघत नाहीत.

मामा : फटक्यांचं राहू दे. पामरला बाराव्या होलच्या सुमाराला फलक बघून कळलं की आपण आघाडीवर नाहीच, मिलर म्हणून कुणी पुढे गेलाय, असा किस्सा सांगतात. ज्याला हरवायचं त्यालाच पत्ता नाही, ही कसली झुंज? शेवटची फेरी म्हणजे झुंज. आणि झुंजीत एकच विचारतात, जिंकलास का?

मृणाल : थांब. जिंकणं ही अट आहे तुझी?

मामा : अर्थात. मेजरच्या रविवारी दुसऱ्या क्रमांकाला कोण विचारतं?

मृणाल : मग टॉमी फ्लीटवूडचं सांगते. 2018 ची यूएस ओपन, न्यूयॉर्क राज्यातलं शिनेकॉक हिल्स. शनिवारी कोर्स इतका कोरडा आणि वेगवान झाला की आयोजकांनाच तो हाताबाहेर गेल्याचं कबूल करावं लागलं. फ्लीटवूडने त्या दिवशी 78 केले आणि तो सहा फटके मागे पडला. रविवारसाठी ग्रीनना पाणी दिलं. फ्लीटवूड आघाडीवाल्यांच्या बराच आधी निघाला आणि त्याने 63 केले. शेवटच्या होलला बर्डीचा पट चुकला, नाहीतर 62. आता दोन्ही फेऱ्या शेजारी ठेव. दोघेही सहा फटके मागे. दोघांचा शनिवार वाईट. दोघांनाही रविवारी मऊ ग्रीन. दोघेही आधी निघालेले, दोघांचे 63. मिलर एका फटक्याने जिंकला, फ्लीटवूड एका फटक्याने हरला.

मामा : कारण मागून ब्रूक्स केप्का आला.

मृणाल : तेच म्हणतेय मी. केप्काने 68 केले. श्लीने 1973 मध्ये 70 ऐवजी 68 केले असते तर मिलर हरला असता, आणि त्याच्या 63 मधला एकही फटका बदलला नसता. दुसऱ्या माणसाने नंतर काय केलं यावर आधीच संपलेली फेरी लहानमोठी कशी होईल? माझ्या यादीत मिलर पहिला आणि फ्लीटवूड चौथा आहे तो यासाठी.

मामा : ... हे मान्य. जिंकण्याची अट जरा सैल करतो. पण तुझी जोडी माझ्याच कामाची आहे. त्या दोन फेऱ्या सारख्या आहेत ना? दोन्हींत एकच गोष्ट नव्हती. आपल्याला नेमके किती फटके कमी करायचेत हे त्या दोघांनाही निघताना माहीत नव्हतं. त्यांना गमावण्यासारखं काही नव्हतं. आता ट्रूनला चल.

मृणाल : 2016, ब्रिटिश ओपन, हेन्रिक स्टेन्सन. माझ्या यादीत दुसरा आहे तो.

मामा : पहिला पाहिजे. स्टेन्सन एका फटक्याने पुढे, जोडीला फिल मिकेलसन, ज्याने गुरुवारी त्याच कोर्सवर 63 केले होते. पहिल्याच होलला स्टेन्सनचे तीन पट, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. मिकेलसनची बर्डी. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत आघाडी गेली. स्टेन्सनने दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या होलला बर्डी केली, तर चौथ्याला मिकेलसनचा ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी. स्टेन्सनची अकराव्याला पुन्हा बोगी आणि दोघे बरोबरीत. मिकेलसन दिवसभरात एकही बोगी करत नाही. असा माणूस शेजारी चालत असताना स्टेन्सनने चौदा, पंधरा, सोळा अशा सलग तीन बर्डी केल्या, आणि पंधराव्याचा पट तर ग्रीनच्या पार बाहेरच्या कडेपासून होता. वर अठराव्याला चौथी. दहा बर्डी, दोन बोगी, 63.

मृणाल : मिकेलसन 65. तिसऱ्या आलेल्या जे. बी. होम्सपेक्षा अकरा फटके पुढे राहूनही हरला.

मामा : बघ, आकडे तुलाही गोड लागतात. तर माझी कसोटी ही. ज्याला हरवायचंय तो डोळ्यांसमोर असताना खेळलेली फेरी मोठी.

मृणाल : पक्की?

मामा : पक्की.

मृणाल : मग 1986 च्या मास्टर्सला तुझा निक्लॉस बाद. त्याच्या जोडीला सँडी लाइल होता. ज्यांना हरवायचं ते ग्रेग नॉर्मन, सेव्हे बायेस्तेरोस आणि टॉम काइट मागच्या जोड्यांत. निक्लॉस त्या दिवशी चार फटके मागून निघाला होता आणि त्यांच्या आधी संपवून बसला. तुझी कसोटी लावली तर तो आणि मिलर एकाच पंगतीत.

मामा : निक्लॉस आणि मिलर एका पंगतीत? अगं, मास्टर्सच्या ऑगस्टा कोर्सवर दिसावं लागत नाही, ऐकू येतं. झाडांच्या पलीकडून ओरडा आला की कुणी काय केलं ते जाणकाराला कळतं. निक्लॉस 46 वर्षांचा, सहा वर्षांत मेजर जिंकलेला नव्हता, पोरगा कॅडी. नवव्या, दहाव्या, अकराव्याला बर्डी. बाराव्याला बोगी. तेराव्याला परत बर्डी. पंधराव्याच्या फेअरवेवर उभा राहून त्याने पोराला विचारलं, इथे तीन झाले तर काय होईल? पाच पारचा होल, तीन म्हणजे ईगल. त्याने तो केला. मागून बायेस्तेरोस त्याच होलला आला आणि त्याचा चेंडू तळ्यात गेला. सोळाव्याला टीवरून मारलेला चेंडू भोकाला चाटून तीनेक फुटांवर थांबला. सतराव्याला बर्डी. शेवटचे नऊ होल 30 फटक्यांत, फेरी 65.

मृणाल : वर्णन छान आहे. पण कसोटी मोडली.

मामा : मोडली नाही, माझं बोलणं तोकडं पडलं. समोर दिसणं हा मुद्दाच नव्हे. पोराला विचारलेला तो प्रश्न बघ. त्याला हिशेब ठाऊक होता. टेनिसमध्ये समोरच्याचा फटका परतवता येतो, कुस्तीत त्याला धरता येतं. गोल्फमध्ये दुसऱ्याच्या चेंडूला हातही लावता येत नाही. हातात एवढंच, की आपल्याला किती हवेत ते समजून तेवढे करणं. पहिल्या तीन दिवसांत ते कुणालाच ठाऊक नसतं. चौथ्या दिवशी, त्यातही शेवटच्या काही होलला, ते फलकावर लिहिलेलं असतं. ते वाचल्यावर हात कसे चालतात, त्यावर अखेरची फेरी ठरते. शनिवारी कुणी 63 केले तरी मी टाळ्या वाजवीन, पण त्याला अखेरची फेरी म्हणणार नाही.

मृणाल : हे मला आवडलं, कारण हे मोजता येतं.

मामा : कसं?

मृणाल : अठरा होल मोजायचेच नाहीत. हिशेब उघड झाल्यापासूनचे होल मोजायचे. म्हणजे बरोबरी किंवा एक-दोनचा फरक उरला तिथपासून पुढचे. ट्रूनला तेराव्यापर्यंत बरोबरी होती, मग शेवटच्या पाच होलमध्ये स्टेन्सनच्या चार बर्डी. ऑगस्टाला निक्लॉसचे शेवटचे नऊ होल पारपेक्षा सहाने कमी. टर्नबेरीची 1977 ची ब्रिटिश ओपन घे. टॉम वॉटसन आणि निक्लॉस, दोघांच्या पहिल्या तीन फेऱ्या 68, 70, 65, तंतोतंत सारख्या. शेवटच्या दिवशी बारा होल संपले तेव्हा निक्लॉस दोन फटके पुढे. शेवटच्या सहा होलमध्ये वॉटसनच्या चार बर्डी. वॉटसन 65, निक्लॉस 66. तिसरा आलेला ह्युबर्ट ग्रीन वॉटसनच्या अकरा फटके मागे.

मामा : पंधराव्याला वॉटसनचा चेंडू ग्रीनच्या बाहेर, भोकापासून साठेक फुटांवर. त्याने पटरच काढला आणि चेंडू झेंड्याच्या काठीवर आपटून आत. सतराव्याला निक्लॉसला चारेक फुटांचा पट होता. तो चुकला. तो, ज्याच्याइतका छोटा पट कुणी विश्वासाने मारत नसे! त्या चार फुटांची भीती तुझ्या तक्त्यात येणार नाही, पण ज्याने आयुष्यात एकदा तरी पैज लावून छोटा पट मारलाय त्याला ती ठाऊक आहे. आणि तरी अठराव्याला काय झालं? वॉटसनचा चेंडू भोकापासून दोन फुटांवर, निक्लॉसचा झुडपापाशी रफमध्ये. तिथून तो ग्रीनवर आला आणि लांबलचक पट घातला. म्हणजे वॉटसनला ते दोन फूट घालणं भागच पडलं.

मृणाल : मग तुझ्याच कसोटीने विचारते. त्या निक्लॉसचे 66 यादीत का नाहीत? मिकेलसनचे 65 का नाहीत? हिशेब त्यांनाही ठाऊक होता. समोरचा तसा खेळला नसता तर वॉटसनला आणि स्टेन्सनला तेवढं खेळावंच लागलं नसतं. 2025 च्या मास्टर्सला जस्टिन रोझने दहा बर्डी करून 66 केले. रोरी मॅकिलरॉयने 73 केले, दोनदा डबल बोगी, आणि बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये जिंकून चारही मेजर पूर्ण केल्या. उद्या कुणी मॅकिलरॉयची फेरी सर्वोत्तमांत घातली तर?

मामा : तो दिवस थोर, फेरी नव्हे. गल्लत तिथेच होते. दिवस लक्षात राहतो आणि फेरी विसरते. 1999 च्या ब्रिटिश ओपनला, कार्नूस्टीत, ज्याँ व्हॅन द वेल्ड ओढ्यात उतरला, शेवटच्या होलला त्याने सात फटके घेतले, ते सगळ्यांना आठवतं. पॉल लॉरी दहा फटके मागून 67 करून आला आणि प्लेऑफ जिंकला, ते किती जण सांगतील? 1996 च्या मास्टर्सला नॉर्मन सहाने पुढे होता, त्याने 78 केले. निक फाल्डो शांतपणे 67 करून पाच फटक्यांनी जिंकला. पुस्तकं नॉर्मनवर.

मृणाल : मग फाल्डो यादीत येईल. तो नॉर्मनच्याच जोडीला होता. सहाचे पाच, पाचाचे चार होताना बघत एकदाही न डगमगता खेळणं, हे तुझ्या कसोटीत चपखल बसतं. 2021 च्या एव्हियन चॅम्पियनशिपची मिनजी लीसुद्धा. महिलांच्या मेजरमध्ये सात फटके मागून 64, मग प्लेऑफच्या पहिल्याच होलला विजय. पुरुषांचीच यादी असेल तर मथळ्यात तसं लिहावं लागेल.

मामा : घे की, मी कुठे नको म्हणतोय. उलट माझाही एक दावा आहे. तुझ्या नव्या मोजणीने पामर मागे जाईल. 1960 ची यूएस ओपन, डेन्व्हरचं चेरी हिल्स. सकाळच्या फेरीनंतर पामर माइक सूचकच्या सात फटके मागे. जेवणाच्या वेळी त्याने पत्रकार बॉब ड्रमला विचारलं, की मी 65 केले तर बेरीज 280 होते, तेवढ्यावर ओपन जिंकता येते ना? ड्रमने त्याला वाटेला लावलं. पामर तणतणत पहिल्या टीवर गेला. चार पारचा 346 यार्डांचा होल. पहिल्या फेरीत इथेच थेट ग्रीन गाठायच्या नादात चेंडू ओढ्यात घालून त्याने सहा फटके घेतले होते. पुन्हा तोच क्लब, तोच धोका. या वेळी चेंडू ग्रीनवर. सात होलमध्ये सहा बर्डी. फेरी बरोबर 65. बेरीज बरोबर 280. दुसरा कोण आला, तर वीस वर्षांचा हौशी निक्लॉस. हिशेब उघड झाल्यापासून मोजायचं म्हणतेस ना? याने तो टीवर जायच्या आधीच मांडला होता.

मृणाल : म्हणजे त्याचे अठराही होल मोजायचे.

मामा : तुझाच नियम आहे.

मृणाल : ठीक. आता लिहून घे. एक, स्टेन्सन. दोन, वॉटसन. तीन, निक्लॉस 1986. चार, पामर. पाच, मिलर.

मामा : मिलरला पाचवर आणलंस, मी जिंकलो.

मृणाल : अजून संपली नाही. सहा, मिकेलसन, 2016. सात, निक्लॉस, 1977. आठ, होगन. नऊ, फाल्डो. दहा, मिनजी ली.

मामा : फ्लीटवूड गेला?

मृणाल : गेला. हिशेब त्याला ठाऊक नव्हता. मिलरही त्याच कारणाने घसरला, पण पहिला 63 म्हणून त्याला पाचवर ठेवलं. ती एकच सवलत.

मामा : हरलेले दोघे पहिल्या सातांत, आणि होगन आठवा! वाचक मला घरी येऊन धरतील.

मृणाल : म्हणून यादीच्या वर कसोटी छापणार आहे मी, चार ओळींत. ज्यांना ती पटत नाही त्यांनी आपली कसोटी आणि आपली यादी पाठवावी. फक्त मिलर पहिला हवा असेल तर फ्लीटवूडचं काय करणार ते लिहावं लागेल.

मामा : पहिलं पत्र मीच पाठवतो. होगनला दोन गुण पायांचे.